"गॅस संपलाय" म्हणण्याआधी: घरोघरी एसीचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

एसीच्या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं तीन शब्दांचं आहे: "गॅस संपलाय, साहेब." एसीतला गॅस संपत नाही. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळून जात नाही, बंद नळीतून नुसता फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, एवढाच त्याचा अर्थ. ग्राहकाला हे माहीत नसतं. त्याच्या या अज्ञानावर इतक्या जणांनी इतके उन्हाळे काढलेत, की आता खरोखरची गळती सांगितली तरी लोक तोंडाकडे बघतात. आयटीआय करून किंवा कुणाच्या हाताखाली शिकून तुम्ही स्वतःचं काम सुरू करताय, तर हा संशय तुम्हाला आयता मिळणार आहे.

तो घालवायचा कसा, ते कामाच्या क्रमाने सांगतो. उदाहरणं एसीची आहेत, कारण माझं पोट त्यावर आहे. प्लंबिंग, वायरिंग, वॉशिंग मशीन किंवा आरओवाल्यांनी आपापल्या कामाप्रमाणे बदल करून घ्यावेत.

१. पहिल्या फोनच्या आधी

दर ठरवा आणि लिहून काढा. व्हिजिट, साधी सर्व्हिस, जेट पंपाची सर्व्हिस, बसवणं, काढणं, कॉपर पाइप मीटरमागे, ड्रेन पाइप मीटरमागे, गॅस चार्जिंग. हा एक कागद फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. कुणी विचारलं की तोच पाठवायचा. बंगल्याला एक दर आणि चाळीला दुसरा, असं करायचं नाही. लोक एकमेकांना विचारतात; एका सोसायटीच्या ग्रुपवर दोन वेगळे आकडे आले, की ती सोसायटी गेली म्हणून समजा.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळतं, ते काढाच. मोठ्या सोसायट्या मागतात, आणि मागितलं नाही तरी पहिल्या कामाला दाखवता येतं. जीएसटीचं एक लक्षात ठेवा. नुसत्या सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे जाईपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी नसताना बिलावर "जीएसटी १८ टक्के" लावणं मात्र सरळ बेकायदा आहे. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हत्यारांमध्ये गॅसचं प्रेशर दाखवणारा गेज आणि तारेतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर सगळेच घेतात. त्यांच्याबरोबर एक डिजिटल वजनकाटा आणि एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. पहिल्या कमाईतून घ्यायच्या वस्तू याच. का ते पुढे येईल.

२. फोनवर

पाच प्रश्न विचारा: कंपनी कुठली, किती टनाचा, इन्व्हर्टर आहे का, कधी घेतला, नेमकं काय होतंय. "कधी घेतला" हा प्रश्न बहुतेक जण गाळतात, कारण उत्तर आपल्या तोट्याचं असू शकतं. मशीन वॉरंटीत असेल तर सांगून टाका: "काका, हे कंपनीला कळवा. मी उघडलं तर तुमची वॉरंटी जाईल." बऱ्याच इन्व्हर्टर एसींच्या कंप्रेसरवर दहा वर्षांपर्यंत वॉरंटी असते आणि घरच्यांच्या ते लक्षातच नसतं. काम हातचं जातं, खरं आहे. पण तोच माणूस पुढे तुमचा नंबर देताना "त्याने स्वतःच कंपनीला फोन करायला सांगितलं" हे वाक्य जोडून देतो.

व्हिजिटचे पैसे फोनवरच सांगा, आणि ते दुरुस्तीत धरणार की वेगळे, तेही सांगा. "या हो, बघू, काही नाही" म्हणून जायचं आणि दारात पैसे काढायचे, तिथेच पहिली ठिणगी पडते.

वेळेबद्दल. मार्च ते मे फोन थांबत नाही, सगळ्यांना आजच हवं असतं. "येतो, येतो" हे आपल्या धंद्यातलं दुसऱ्या नंबरचं खोटं. होणार नसेल तर परवाची वेळ द्या. उशीर होणार असेल तर ग्राहकाचा फोन येण्याआधी तुमचा गेला पाहिजे. ऑफिसात अर्धी रजा टाकून घरी थांबलेल्या बाईला तीन तास ताटकळत ठेवलं, की मग काम कितीही चोख करा, उपयोग नाही.

३. दारातून आत

गेटवर खरं नाव, खरा फ्लॅट नंबर. चप्पल बाहेर. आत गेल्यावर आधी मशीन चालू करून बघा, लगेच खोलू नका. एसी बहुतेक वेळा पलंगाच्या किंवा कपाटाच्या वर असतो, तर स्वतःच्या पिशवीतली जुनी चादर अंथरा. घरच्यांची मागू नका. देवघर किंवा स्वयंपाकघरातून पाणी घ्यायचं तर विचारून. सर्व्हिसचं काळं पाणी मोरीत ओतायचं, भांड्यांच्या सिंकमध्ये नाही.

कपाटावर लोक काय काय ठेवतात ते कळेलच: चाव्या, पाकिटं, कधी दागिन्यांची डबी. हात लावायचा नाही. "ताई, वरचं सामान जरा काढून घेता का?" असं म्हणायचं आणि ते काढेपर्यंत शिडीवर चढायचं नाही. बाई एकटी घरी असेल तर मुख्य दार उघडं राहू द्या, कामापुरतं बोला. फोटो फक्त मशीनचा. घराचा, माणसांचा, तिजोरीसारख्या कपाटाचा फोटो चुकूनही तुमच्या फोनमध्ये नको. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती, म्हणजे नंबर, पत्ता, घरी कोण कधी असतं हे, दुसऱ्याला देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. रंगाऱ्याला किंवा इंटिरियरवाल्याला नंबर "पास" करणारे त्यात येतात.

४. तपासणी: आकडे ग्राहकाला वाचायला लावा

सगळा लेख खरं तर या पायरीसाठी आहे. ग्राहकाला गॅस दिसत नाही, करंट दिसत नाही, पीसीबी (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड) दाखवला तरी कळत नाही. त्याच्या बाजूने बघा: एक अनोळखी माणूस येतो, भिंतीवरची पेटी उघडतो आणि एक आकडा सांगतो. विश्वास ठेवायचा कशावर? तुमच्या चेहऱ्यावर? म्हणून जे मोजता येतं ते त्याच्या डोळ्यांसमोर मोजा आणि आकडा त्याला मोठ्याने वाचायला सांगा.

क्रम असा. फिल्टर काढून दाखवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात असं म्हणणार नाही, पण भरपूर संपतात. रिमोट बघा, ड्राय किंवा फॅन मोडवर चालू ठेवून "थंड होत नाही" म्हणणारी घरं दर सीझनला भेटतात. त्यानंतर मशीन १६ किंवा १८ वर लावून पंधरा मिनिटं चालू द्या. थर्मामीटर आधी वरच्या जाळीवर, जिथून हवा आत जाते तिथे, मग खाली थंड हवेच्या तोंडाशी. फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असेल तर मशीन थंड करतंय. मग दोष खोलीत आहे: पश्चिमेची भिंत, वर गच्ची, खिडकीला पडदा नाही, किंवा टन कमी. अशा वेळी "बिघाड नाही" हे दोन शब्द उच्चारायला जीभ जड होते. उच्चारा, व्हिजिटचे पैसे घ्या आणि निघा.

फरक कमी आला तर पुढे. क्लॅम्प मीटरने करंट बघा आणि नेमप्लेटवरच्या आकड्याशेजारी धरून दाखवा. आउटडोअरचा, म्हणजे बाहेरच्या पेटीचा, कॉइल धुळीने बंद आहे का, पंखा नीट फिरतोय का, कपॅसिटर त्याच्यावर छापलेल्या एमएफडीच्या (क्षमतेच्या आकड्याच्या) जवळपास दाखवतोय का. बर्फ दिसला की लगेच "गॅस कमी" म्हणू नका. घाणेरडा फिल्टर आणि अडकलेला ब्लोअर यांनीही बर्फ होतो. गेज सगळ्यात शेवटी. जुन्या आर-२२ गॅसला चालू मशीनमध्ये सक्शन, म्हणजे गॅस कंप्रेसरकडे परत येतो त्या बाजूचा दाब, साधारण ६० ते ७० पीएसआय दिसतो. आर-३२ आणि आर-४१०एला त्याच्या जवळजवळ दुप्पट, ११० ते १४० च्या दरम्यान. आर-२२ वर शिकलेल्या माणसाने आर-३२ चा आकडा बघून "प्रेशर जास्त आहे" म्हणत गॅस सोडलेला मी पाहिलाय. इन्व्हर्टरमध्ये तर कंप्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवर निदान करायचंच नाही.

गॅस कमी निघालाच, तर आधी गळती शोधा. साबणाचा फेस घेऊन ग्राहकाला आउटडोअरशी बोलवा. पाइपाचं तोंड पसरवून (फ्लेअर करून) जोडतात, त्या फ्लेअर नटशी बहुतेक वेळा बुडबुडा येतो. एका घरी निवृत्त शिक्षक होते, माझ्याआधी दोघे जण येऊन गॅस भरून गेलेले. मी नटवर फेस लावला आणि म्हटलं, "काका, बघत राहा." थोडा वेळ काहीच नाही, मग राईएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, त्याच जागी दुसरा. काका चष्मा वर करून बघत राहिले. "म्हणजे दोन वर्षं मी या एवढ्याशा भोकाला पैसे देत होतो?" मला त्यांना आणखी काहीही पटवावं लागलं नाही.

नटशी मिळालं नाही तर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट. ऑक्सिजनने कधीच नाही. तेलाशी मिळून स्फोट होतो, माणसं गेली आहेत. खाडीकाठच्या आणि नाल्याकाठच्या घरांत कॉइलच सडलेला निघतो, तांबं काळं पडलेलं दिसतं. तिथे टाका मारून पैसे घेण्यापेक्षा कॉइल बदलण्याचा खर्च आणि नव्या मशीनची किंमत शेजारी शेजारी ठेवा आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.

५. कामाला हात लावण्याआधी होकार

एक मेसेज पाठवा. मराठीत, साधा. आकडे उदाहरणादाखल:

"दीड टन स्प्लिट, आर-३२. तक्रार: थंड होत नाही. सापडलं: आउटडोअरच्या जाड पाइपच्या नटवर गळती. काम: नवीन फ्लेअरिंग, नायट्रोजन टेस्ट, व्हॅक्यूम, नेमप्लेटप्रमाणे वजनाने गॅस. एकूण ३,२०० रुपये, व्हिजिटचे ३०० यातच धरले. आणखी काही निघालं तर आधी विचारून."

उत्तरात "हो" आल्याशिवाय पाना उचलायचा नाही. म्हातारी माणसं एकटी असतील तर मुलाला किंवा मुलीला फोन लावून द्या. त्यांना तो अपमान वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. मधेच नवा खर्च निघाला तर थांबा, दाखवा, पुन्हा विचारा. खोललेलं मशीन मधेच टाकून "आता एवढे द्यावेच लागतील" म्हणणं म्हणजे खंडणीच, दुसरा शब्द मला सुचत नाही.

६. गॅस काट्यावर, पाइप टेपवर

आता तो वजनकाटा. प्रत्येक मशीनच्या नेमप्लेटवर गॅसचं वजन छापलेलं असतं. दीड टनाच्या आर-३२ मशीनमध्ये ते किलोच्या आगेमागे असतं. गळती बंद केली, पाइपातली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप निदान वीस-तीस मिनिटं लावला, की सिलिंडर काट्यावर ठेवायचा. आकडा ग्राहकाला वाचायला सांगायचा, त्याच्याच मोबाइलमध्ये फोटो काढायला लावायचा. भरून झाल्यावर पुन्हा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्याने विकत घेतलेला माल. किराणावाला तूर डाळ तोलून देतो, आपण मात्र त्याहून कितीतरी महाग गॅस "भरला बघा" म्हणून मोकळे होतो. मग लोक चोर म्हणतात.

व्हॅक्यूम न करता गॅसनेच हवा बाहेर ढकलणारे अजून आहेत. ग्राहकाला ते कळत नाही, कंप्रेसरला मात्र काही महिन्यांत कळतं. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील आहे आणि आर-२९० तर प्रोपेनच, तेव्हा बंद खोलीत हे खेळ नकोत.

बसवताना कॉपर पाइप दोघांनी मिळून टेपने मोजायचा. वळणाला लागेल म्हणून मीटरभर जास्त लिहायची पद्धत आहे, ती सोडा. पाइपची जाडी काय, तेही बिलावर लिहा. उरलेला तुकडा ग्राहकाचा, कारण त्याने पैसे दिलेत. जुनं मशीन काढताना निघालेला पाइपही त्याचाच. हा मुद्दा वाचून काही जण नाक मुरडतील. तांब्याचं भंगार हा हेल्परचा हक्क मानला जातो. हक्काबिक्का काही नाही. विचारा: "जुना पाइप ठेवू का?" दहातले बरेच जण म्हणतात, घेऊन जा. तेव्हा घेऊन जा.

बदललेला प्रत्येक भाग, मग तो कपॅसिटर असो की पीसीबी, जुना तुकडा ग्राहकाच्या हातात द्यायचा. नव्याचं खोकं त्याच्यासमोर फोडायचं. खोक्यावर एमआरपी असेल तर त्याच्या वर एक रुपया लावता येत नाही; मजुरी हवी तेवढी लावा, पण वेगळ्या ओळीत. लोकल भाग टाकताय तर लोकल म्हणून सांगा आणि किमतीतला फरकही सांगा. पीसीबी दुरुस्त करून आणायला घरातून नेत असाल तर त्याचा आणि नंबराचा फोटो आधी ग्राहकाला पाठवा, म्हणजे तोच परत आला हे त्याला पडताळता येईल.

७. बिल

छापील पावतीपुस्तक असो की मोबाइलवरचं, बिल द्यायचंच. बिल न देणंही त्याच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथांच्या यादीत आहे. तारीख, मशीन, केलेलं काम, भाग, मजुरी, वॉरंटी. वॉरंटी कशाची आणि कशाची नाही ते लिहा: "फ्लेअरिंगच्या जोडावर ९० दिवस. कॉइलवर नाही." गुळमुळीत "गॅरंटी आहे हो" याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. पैसे यूपीआयने घेत असाल तर क्यूआर कोडवर दिसणारं नाव बिलावरच्या नावाशी जुळू द्या. भलत्याच माणसाचं नाव आलं की ग्राहकाचा अंगठा थबकतो, आणि बरोबरच आहे.

८. तक्रार परत आली तर

येणारच. चांगल्या कामालाही येते. वॉरंटीतली असेल तर नव्या कामांच्या आधी तिचा नंबर, भर मे महिन्यात असली तरी. गेल्यावर "तुम्हीच काहीतरी केलं असेल" हे पहिलं वाक्य असू नये. मोजा, दाखवा, दोष आपल्या जोडाचा असेल तर फुकट करा, दुसराच निघाला तर व्हिजिट न घेता नवा अंदाज द्या. काम करताना काही फुटलं, मग ती टाइल असो की खिडकीची काच, घरच्यांच्या नजरेस पडायची वाट बघू नका. स्वतः बोलवून दाखवा आणि भरपाई तिथेच ठरवा. ग्राहकाचं समाधान नाहीच झालं तर तो १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जाऊ शकतो. तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारे म्हणजे तुमचे मेसेज, काट्याचे फोटो आणि बिल.

९. कट, वॉचमन आणि हेल्पर

काम आणून देणारा वॉचमन किंवा हार्डवेअरवाला कट मागतो. मी कामामागे देत नाही, कारण तो शेवटी बिलातच चढतो आणि मग दर कागदावरचे राहत नाहीत. दिवाळीला काय द्यायचं ते देतो. यामुळे काही सोसायट्या मला मिळाल्या नाहीत. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी एवढं पाळा: कट तुमच्या नफ्यातून द्या.

हेल्पर ठेवलात की वरचं सगळं त्याच्या हातात जातं. त्याला पगार द्या. "वरचं तुझं" या बोलीवर ठेवलेला पोरगा वरचं शोधणारच. पहिला सीझन त्याला एकट्याला पाठवू नका. नंतर पाठवाल तेव्हा ग्राहकाला आधी त्याचं नाव आणि फोटो कळवा, काम झाल्यावर काट्याचे दोन फोटो त्याच्याकडून मागवा, आणि संध्याकाळी एखाद्या घरी स्वतः फोन करून विचारा की जुना भाग हातात मिळाला का.